येसूबाईला संध्याकाळचं पाणी

रेवदंडा
रविवार, ता. ६ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. सोनूमामीस,
तुझ्या भटक्या भाच्याचा, केतनचा, शि. सा. न. वि. वि.

तुझा निरोप गणराजच्या टेम्पोतून पोचला. मामा फोनवर सगळं बरं आहे एवढंच म्हणून ठेवून देतो, तेव्हा खरं काय ते मी कागदावर लिहून गणराजकडे द्यावं, ही तुझी आज्ञा. माझा फोन असता तर मीच लावला असता. पण आल्या दिवशी धक्क्यावर एक बगळा असा काही ऐटीत उभा होता की त्याचा फोटो काढायला मी वाकलो आणि फोन खाडीत गेला. बगळा हललासुद्धा नाही. तर आता कागद. त्याच्या वासाची तक्रार करू नकोस. गणराज पत्रं सुक्या बोंबलांच्या पोत्यात ठेवतो. तिथे कुणी हात घालत नाही म्हणे.

तुझा पाय कसा आहे? तू बोर्लीला लेकीकडे, हेमांगीताईकडे गेल्यापासून इथे मी आणि मामा दोघंच. स्वयंपाक मामा करतो. कालची आमटी आम्ही मांजराला दिली, तर मांजर शेजारी राहायला गेलं.

आता मुद्दा. मुद्दा येसूबाईचा. येसूबाई म्हणजे होडी, आजी नव्हे. आजीला जाऊन किती वर्षं झाली, पण मामानं होडीला आपल्या आईचं नाव दिल्यापासून या घरात हे दर वेळी सांगावं लागतं. तर येसूबाईचं इंजिन तापतंय. बंदराबाहेर पडली की काटा वर चढतो, धूर येतो, बंद करावं लागतं. तू गेल्यापासून दोनदा तिला दुसऱ्यांच्या होडीनं दोरी लावून ओढत आणलं. दुसऱ्या वेळी धक्क्यावर जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मामाला ते इतकं लागलं की त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, आई तिसऱ्यांदा दोरीला बांधून घरी आली तर मी तिला प्रज्योतशेठला देऊन टाकीन.

प्रज्योतशेठ म्हणजे पलीकडचा तो रिसॉर्टवाला. त्याला हिरवळीवर एक खरी होडी पाहिजे. आत टेबलं मांडणार, डोलकाठीला दिव्यांच्या माळा सोडणार, आणि दिवाळीला येणारे पाहुणे आमच्या आजीत बसून पनीर टिक्का खाणार. त्यानं गवतात खड्डासुद्धा खणून ठेवलाय, होडी अर्धी रुतल्यासारखी दिसायला. मामानं त्याला एवढंच विचारलं की निदान मासे तरी ठेवणार का. शेठ म्हणाला, बघू.

मी म्हसळ्याला गॅरेजात होतो, म्हणून मामानं इंजिन माझ्या हाती दिलं. तिथे मी फक्त स्कूटरची पंक्चरं काढत होतो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तरी हिंमत करून समुद्राचं पाणी आत खेचणारा पाइप उघडला. मामी, आत शिंपल्या! बारक्या, काळपट, मसुराएवढ्यापासून नखाएवढ्यापर्यंत, एकीला एक चिकटून, पाइपात बोट जायला जागा नाही. आपल्या किनाऱ्याच्या खडपावरची ही जात नाही. इंजिनाला थंड करायला पाणीच मिळत नाही, मग तापेल नाही तर काय करेल? मामा बघून म्हणाला की आईच्या नरड्यात हे कुठून आलं, आणि जाळ्यांवर जाऊन बसला.

काय करू, ते सांग. पायाला जप. माझ्यावरचा राग पाय बरा होईपर्यंत पुरवून वापर.

तुझा,
केतन

ता. क. सुतार पक्ष्याला कोकणात काय म्हणतात, हेमांगीताईला विचारून कळव. इथे एक आलाय.


बोर्ली पंचतन
बुधवार, ता. ९ ऑक्टोबर

चि. केतनास सोनूमामीचे अनेक आशीर्वाद, आणि एक रट्टा उधार.

तुझं पत्र वाचताना हेमांगीनं खिडकी उघडली, तरी वास गेला न्हाय. पाय बरा हाय. प्लास्टरच्या आत खाज येते तिथे विणायची सुई घालते. डॉक्टरला सांगू नकोस.

मला एकच सांग. मी आल्यापासून येसूबाईला कुणी पाणी पाजलं काय?

न्हाय पाजलं. मला ठाऊक हाय. आता तुला सगळं सांगते, कारण तुझे मामा सांगणार न्हाईत. बाहेरनं माणूस घरी आलं तर आपण आधी गूळ-पाणी देतो. होडी दिवसभर खारं पाणी पिऊन घरी येते, आणि ती तर माझी सासू. म्हणून होडीला सासूबाईंचं नाव पडलं तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला गोडं पाणी देते. तांब्याचा तांब्या, गुळाचा खडा, आणि पाणी पोटात जाईपर्यंत तिच्याशी बोलायचं. सासूबाई जिवंत असताना मला त्यांच्यापुढे तोंड उघडायची चोरी होती. आता त्या ऐकून घेतात. मी सगळं सांगते. तुमच्या लेकानं आज काय केलं, काय न्हाय केलं, माझ्या भाकरीला काय नाव ठेवलं. तुझ्या मामांना हे कळलं तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखतं. म्हणायचे, आईचे कान भरतेस.

त्या दिवशी तसंच पाणी देताना ओल्या फळीवरनं माझा पाय घसरला. तुला ठाऊक हाय पुढे काय झालं. मी खाली पडलेय, पाय वाकडा, आणि हे मला उचलायचं सोडून ओरडतायत की ही नाटकं आजपासून बंद. आणि माझा तांब्या उचलून खाडीत फेकला! माझ्या आईनं दिलेला. म्हणून मी बोर्लीला आले, आणि ते स्वतःहून मला फोन करीत न्हाईत तोवर मी बोलणार न्हाय. रोज फोन येतो तो हेमांगीला. पाय कसा हाय विचारतात, जशी मी पायाला जोडलेली न्हाईच.

शिंपल्यांचं मला काय ठाऊक न्हाय. पण मी पाणी द्यायचे तोवर येसूबाई कधी तापली न्हाय, एवढं ठाऊक हाय. तेव्हा तू पाणी दे. मामांना कळू देऊ नको. तांब्या न्हाय तर घरातला दुसरा घे, गूळ डब्यात हाय. बोलायला विसरू नको.

जीव लावून कर. मामांना जेवायला घाल, पण मी सांगितलं म्हणू नको.

तुझी मामी


रेवदंडा
सोमवार, ता. १४ ऑक्टोबर

ती. सौ. मामीस,
केतनचा घाबरत घाबरत शि. सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी सांगतो, म्हणजे चांगली सांगायची उरणार नाही.

दसऱ्याला इंजिनाची पूजा केली, झेंडूचा हार घातला. हार पंख्याच्या पट्ट्यात गेला. ते जाऊ दे. त्याच्या तीन दिवस आधी धक्क्यावर सई नावाची एक मुलगी आली होती, अलिबागच्या कॉलेजातली. खांबांना चिकटलेल्या शिंपल्यांचे फोटो काढत होती. मी तिला म्हटलं, याहून चांगल्या शिंपल्या आमच्या पाइपात आहेत. ती खरंच बघायला आली. मामी, मुलीनं आपल्या इंजिनात इतका रस घेतलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. ती म्हणाली, ही जात परदेशातली, मोठ्या जहाजांच्या तळाला चिकटून आलेली. जिथे पाणी वाहतं तिथे बसते, पाइप तर तिला फारच आवडतो. मोठ्या झालेल्या तोंड मिटून बसतात, त्या खरवडून नाहीतर आंबट पाण्यात भिजवून काढायच्या, कारण आंबटानं कवच पोखरतं. पण बारकी पिल्लं गोड्या पाण्यात टिकत नाहीत.

पुढे ती बरंच बोलली, पण तिच्या कानात माशाच्या काट्याच्या आकाराचे डूल होते, आणि मी आंबटापाशीच अडकलो.

मामी, बस. बसून वाच. माडीवरच्या मोठ्या बरणीतलं कोकमाचं आगळ. वर्षभराचं. ते मी पाइपात ओतलं.

रात्रभर मुरू दिलं. सकाळी इंजिन चालू केलं, तर येसूबाईनं मागच्या नळीतून गुलाबी पाण्याची चूळ थुंकली. सगळा धक्का गोळा झाला. बाळाजीकाकानं घरून नारळाचं दूध आणू का विचारलं. एक म्हातारी वाटी घेऊन आली, मला हेच लागतं म्हणाली, वाताला बरं. मामा लांबून बघत होता. त्यानं मला एकच विचारलं की हे तुझ्या मामीला कोण सांगणार. म्हणजे सांगायला हवं हे त्यालाही वाटतं, बघ.

शिंपल्या मात्र ढिल्या झाल्या. तारेनं खरवडून टोपलीभर काढल्या. पाइप मोकळा झाला.

मग संध्याकाळी, मामा दुकानात गेला तेव्हा, तू सांगितलंस तसं केलं. स्टीलचा तांब्या, गुळाचा खडा. तांब्या इंजिनावर ओतला. त्यानं फुस्स केलं. बोलायचं काय ते सुचेना, म्हणून आजीला बगळ्याची गोष्ट सांगितली. रोज केलं. आज सकाळी पाइप उघडून पाहिला, तर आत पुन्हा पिल्लं बसलीयेत, जिऱ्याएवढी! म्हणजे आजीला माझं बोलणं पटत नाही. तू काय सांगायचीस ते नेमकं लिहून पाठव, तसंच म्हणेन.

प्रज्योतशेठ काल माप घ्यायला आला होता. त्यानं येसूबाईची लांबी फीत लावून मोजली, शिंप्यासारखी. मामा पाठमोरा उभा राहिला. मला ते बघवेना. मामा म्हणतो, दिवाळीच्या आत एकदा तिला बाहेर काढून बघू. ती फेरी फसली की संपलं.

राग बरणीभर असेल. थोडा माझ्या लहानपणावर घाल.

अपराधी,
केतन


बोर्ली पंचतन
गुरुवार, ता. १७ ऑक्टोबर

चि. केतन,

आशीर्वाद देत न्हाय. उरले न्हाईत, तू आगळात घातलेस.

अरे गाढवा, इंजिनाच्या डोक्यावर पाणी ओततात काय? पाहुणा आला तर त्याच्या टाळूवर पाणी ओततोस? तोंडाला लावतोस ना? तांब्या असतो तो नुसता पुढे धरायला, मानाला. पिते ती पाइपानं! समुद्राकडचा कॉक बंद करायचा, बाजूच्या नळीचं तोंड गोड्या पाण्याच्या पिंपात सोडायचं, इंजिन हळू चालू ठेवायचं. पिंप संपेपर्यंत पीत राहते. तेवढा वेळ उभं राहून काय करणार, म्हणून बोलायचं. पिंप संपलं की इंजिन बंद, पण कॉक उघडायचा न्हाय, सकाळी निघताना उघडायचा. हे सांगायला लागतं? मला वाटलं, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल.

आणि मी काय बोलायचे ते लिहून पाठवत न्हाय. ते माझं आणि सासूबाईंचं हाय. तू बगळा सांगितलास म्हणून त्यांना पटलं न्हाय असं न्हाय. त्यांना तसं काहीच पटायचं न्हाय, पण पाणी प्यायच्या.

हेमांगी म्हणते, मी तुझ्यावर एवढी रागावतेय पण दर पत्रात विचारतेय मामांचंच. मी विचारत न्हाय. पण ते जेवले काय? शेठ माप घेत होता तेव्हा पाठमोरे उभे होते म्हणतोस. कुठे बघत होते?

एक गोष्ट लक्षात ठेव. चोरून दिलेल्या पाण्याचा काय उपयोग. तिच्या लेकाला सांग. तोच देऊ दे. दिलं तर दिलं.

सोनूमामी

हेमांगीताईचे दोन शब्द: केतन, आई हे लिहून झाल्यावर जेवली नाही. येसूबाई गवतात गेली तर ती परत रेवदंड्याला येणार नाही म्हणते. होडीशिवाय त्या घरात माझं ऐकतं कोण, म्हणते. काहीतरी कर. पण विचार करून कर, तुझ्यासारखं नको. सुताराचं विचारलं होतंस, आम्ही त्याला सुतारच म्हणतो.


रेवदंडा
गुरुवार, ता. ३१ ऑक्टोबर

ती. सौ. मामीस,
केतनचा दिवाळीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण मध्ये मी सईबरोबर कोर्लईला शिंपल्या मोजायला गेलो होतो. ते असू दे. मुद्दा सांगतो, या वेळी नीट सांगतो.

तुझं पत्र मी मामाला वाचून दाखवलं. सगळं. आगळाचं गाढव धरून. ऐकून तो कोयती घेऊन निघून गेला, तर मला वाटलं शेठकडे गेला की काय. संध्याकाळी पाहिलं, तर पिंप भरून होडीवर नेत होता. मला म्हणाला, तू जा. मी गेलो, पण जाळ्यांच्या ढिगाच्या मागेपर्यंतच. तुझा भाचा आहे ना मी.

त्यानं सगळं तू लिहिलंस तसं केलं. कॉक बंद, नळी पिंपात, इंजिन हळू. गुळाचा खडा ठेवला. स्टीलचा तांब्या दोन्ही हातांनी पुढे धरला. इंजिन गटागटा पितंय आणि मामा तांब्या धरून उभा. अर्धं पिंप संपलं तरी तोंड उघडेना. मग एकदम म्हणाला की आये, सोनू घरी न्हाय.

नंतर मात्र थांबेना. म्हणाला की तुला रोज माझ्या चुगल्या मिळायच्या, आता तुलाही करमत नसेल. म्हणाला की भाकरी मला जमत नाही, मी तिच्या भाकरीला नावं ठेवायचो. म्हणाला की ती पडली तेव्हा पाऊल उलटं झालेलं बघून मला उचलायला वाकता येईना, म्हणून ओरडलो. हातांना काहीतरी फेकायचं होतं, तांब्या जवळ होता. शेठ माप घेत होता तेव्हा मी बोर्लीच्या बाजूला बघत होतो, हेही त्यानंच आजीला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मग त्यानं होडीला विचारलं की ती माझ्याबद्दल आणखी काय काय सांगायची. बराच वेळ उत्तराची वाट बघितली. पिंप संपलं, इंजिन बंद केलं, आणि मला हाक मारली की ढिगामागून बाहेर ये, शेपटी दिसतेय.

रोज पाजतोय. रोज बोलतोय. आधी मी पाइप पुन्हा घासून काढला, आता आठ-पंधरा दिवसांत एक पिल्लू बसलेलं नाही. सई म्हणते ते गोड्या पाण्यामुळे. मामा म्हणतो ते गुळामुळेही असेल, आपण काही सोडायचं नाही.

आणि काल फेरी. अख्खं गाव धक्क्यावर. प्रज्योतशेठ आपली पांढरी चकचकीत मोटरबोट घेऊन मागोमाग निघाला. येसूबाई बंद पडली की तिथूनच दोरी लावून थेट हिरवळीवर न्यायची होती त्याला. आम्ही बंदर ओलांडलं. मी काट्याकडे बघत बसलो. मामा काट्याकडे बघेना, डोळे मिटून पुटपुटत होता. काटा होता तिथेच राहिला, मामी! देवळातल्या समईसारखा. जाळं टाकलं, मांदेली लागली, कोळंबी लागली. परत फिरलो तर समोर पांढऱ्या बोटीतून काळा धूर. शेठच्या बोटीचा पाइप भरला होता. त्याच शिंपल्यांनी. ती बोट दिवसभर त्याच्या धक्क्याला उभीच असते ना, तिला पाणी कोण पाजणार?

मामानं काही टोमणा मारला नाही. दोरी फेकली. आणि आजीनं त्याला बांधून रेवदंड्याला आणलं. टाळ्या अशा वाजल्या की बगळा उडाला. होय, तोच. शेठ खाली मान घालून उतरला आणि हळूच मामाला विचारलं की गुळाचा खडा केवढा लागतो.

त्या खड्ड्यात तो आता कमळं लावणार आहे.

ओहोटीला खाडीच्या चिखलात माझा फोनही सापडला. आत चार्जरच्या भोकापर्यंत शिंपल्या. बाजूलाच तुझा तांब्या रुतला होता. त्याच्यावर एकही शिंपली नाही, मामी, एकही नाही. सई म्हणते, तांब्याच्या धातूवर त्या बसत नाहीत. मामा तो हातात घेऊन उभा होता. मी सईचं सांगायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, मिटलं.

दिवाळीच्या शुभेच्छा. आगळाची बरणी मी घासून ठेवलीय, कोकमं लागली की मीच भरीन, तोवर इथेच राहतो म्हणतो. शपथ घेत नाही.

तुझाच,
केतन


रेवदंडा
सोमवार, ता. ४ नोव्हेंबर

सौ. सोनूस, हरेश्वरचा रामराम.

पत्र लिहायची सवय न्हाय. फोन लावला होता, पण हेमांगीनं उचलला नि मी पायाचंच विचारलं. म्हणून हे.

आई खुशाल हाय. रोज पाणी पिते. मी बोलतो, पण माझ्याकडचं बोलणं संपलं. चुगली करायला तू इथे न्हाईस आणि स्वतःची चुगली माणूस किती दिवस करणार. आई ऐकून कंटाळली हाय, तिचा आवाज बदललाय. केतन म्हणतो तेल बदलायला पाहिजे. त्याला काय कळतं.

तांब्या चिंच लावून घासलाय. जिथे तू घसरलीस त्या फळीवर काथ्याची चटई ठोकलीय, आणि धरायला बांबू लावलाय. मी स्वतः दहा वेळा घसरून बघितलं. घसरता येत न्हाय.

पाय बरा असेल तर यावं. बरा नसेल तर मी यायला तयार हाय, उचलायला. आता वाकता येतं.

हरेश्वर


बोर्ली पंचतन
बुधवार, ता. ६ नोव्हेंबर

ह्यांना सोनूचा नमस्कार.

प्लास्टर काल काढलं. गणराज उद्या बर्फ घेऊन तिकडे येतोय, पुढची सीट माझ्यासाठी ठेवलीय. उचलायला यायची गरज न्हाय, पण धक्क्यावर उभे राहा.

पिंप भरून ठेवा, काठोकाठ. उद्या पाणी तुम्ही देऊ नका आणि केतनला लांब पाठवा. सासूबाईंना सांगायचं दीड महिन्याचं साठलंय, आणि ते ऐकायला तुम्हीही बाजूला बसलेले मला चालेल.

सोनूबाई